खुणेची फीत

कड्यावरच्या गवतात स्वतःची पिवळी फीत दिसली आणि वसुधाचा जीव भांड्यात पडला. अतिसंकटग्रस्त ठरलेलं कंदीलफूल आता जगात याच डोंगरावर उरलं होतं. फोटोवाल्यांच्या पायाखाली येऊ नये म्हणून गेल्या पावसाळ्यात तिनं प्रत्येक वेलीजवळ काटकी रोवून फीत बांधली होती.

जवळ जाऊन पाहते तर फीत तशीच होती, वेलीच्या जागी मात्र खड्डा होता. पुढच्या फितीपाशीही खड्डाच. त्याच्याही पुढे तेच.

“डुकरांनी उकरलं असंल, मॅडम,” वनरक्षक धोंडूमामा म्हणाले.

डुक्कर माती उधळतं. इथं कोणीतरी खुरप्यानं अलगद कंद काढून नेला होता, आणि तो शोधायची तसदी तिनंच वाचवली होती.

“एक राहिलीया!” वरच्या कपारीतून मामा आनंदानं ओरडले. “कोवळी हाय, कंद भरला नसंल अजून. तुमची फीत बी हाय बघा!”

वसुधा धापा टाकत वर पोचली. वाऱ्यावर फीत फडफडत होती, नवी कोरी, पिवळीधमक.

या कपारीपर्यंत ती आजवर कधी चढलीच नव्हती.