एका हाताचा कॅमेरा

सागवानाच्या जंगलात मंजुषा जड कॅमेरा दोन्ही हातांनी डोळ्याला लावून उभी असताना अस्वलानं बाजूनं झडप घातली. तिचा डावा हात जबड्यात धरून त्यानं झटक्यासरशी कोपरापर्यंत फाडला. नवऱ्यानं, निकेशनं, धावत येऊन कुऱ्हाडीनं अस्वलाचं डोकं फोडलं. हात कापावाच लागला. जखम भरल्यावर दोघं चंद्रपूरच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेली. “फोटो याचेच साफ येते, बाई,” म्हणत दुकानदारानं मोठाच पुढं केला. तो तिला एका हातात पेलेना. तिनं मुठीत मावणारा छोटा उचलून निकेशचा फोटो काढला. त्याच्या पापण्यासुद्धा स्पष्ट उमटल्या. ती हसली. “जंगलात आता कायले जातं?” निकेशनं विचारलं. “तुमी मारलं ते मादी होती. तिचे पिल्लं मले कॅमेऱ्यात दिसले होते. जगले का मेले, पाह्याचं हाय.” त्यानं कॅमेऱ्याचा पट्टा तिच्या मनगटात अडकवला.