शेवटचा दोना

"फोडा ती मडकी! एक बी ठेवू नका!" सुगंधाबाई गरजली, आणि आरमोरीच्या गुत्त्यात बायांची मुसळं चालू लागली. मोहाची दारू दारातून वाहत रस्त्यावर आली.

दारूबंदी लागू झाली होती. गुत्तेवाला बापूजी आपल्या ओट्यावर बसूनच हात जोडत होता. "फोडा बाई. मले बी या पापाचा वीट आला."

गुत्ता बदनामच. इथे डोकी फुटली, सुनांची डोरली विकली गेली. पण गाव चघळायचं ती एकच गोष्ट: सुगंधाबाईचा नवरा डोमा इथून पिऊन उठला आणि मंडईच्या जत्रेत नाचायला आलेल्या बाईसोबत पळाला. पळाला तो, आणि नावं कोणाला ठेवली? हिला! "नवरा सांभायता आला नाई." विहिरीवर तेच, लग्नघरी तेच. बोलणाऱ्यांच्या जिभा झडत कशा नाहीत!

सुगंधाबाई अजून कुंकू लावायची. परत आला तर केरसुणीनं झोडपायचा, म्हणून.

"बापूजी, तुमी त्याले जाताना पाह्यलं ना?" तिने पुन्हा एकदा विचारलं.

"सोताच्या डोयानं. वडशाच्या टेशनावर गाडीत बसले दोघं. हासत होता."

"हासत होता!" तिने सगळ्यात मोठं मडकं एका घावात फोडलं.

भट्टी लावणारा म्हातारा कोलू तेवढ्यात पानाचा एक दोना भरून घेऊन बाजूला झाला. बाया ओरडल्या.

"पिऊ द्या त्याले शेवटची," बापूजी म्हणाला.

पण कोलू लगेच पीत नसे. तो गोंड माणूस. आधी आपल्या मेलेल्यांची नावं घेऊन जमिनीवर धार सोडायची, मग ओठाला लावायची, ही त्याच्या घरची रीत. रोज तो पुटपुटत हे करी आणि बाया हसत, "मेलेल्यायले बी पाजते मेला!"

आज कोलूनं सुगंधाबाईच्या कुंकवाकडे बघितलं. मग मोठ्यानं म्हणाला, "हे माह्या बापाले." थोडी धार सोडली. "हे माह्या मायले."

"बस झालं, कोलू," बापूजी म्हणाला. "पी अन् जा घरी."

कोलू प्यायला नाही. तो ओट्यापाशी गेला, वाकला आणि उरलेला दोना बापूजीच्या पायांखालच्या मातीत ओतला.

"अन् हे डोमाभाऊले."