पोट काढलेली भिंत

काकूंच्या शेजघरासमोर हातभर बोळ होता आणि बोळापलीकडच्या सरकारी गोदामाच्या भिंतीने चांगलंच पोट काढलं होतं. ती कधी अंगावर येईल याचा नेम नव्हता, म्हणून काकूंनी आपला पलंग केव्हाच स्वयंपाकघरात हलवला होता. त्यांनी तक्रार केली तेव्हा गोदामाचं ऑफिस म्हणालं, "अख्ख्या भिंतीचा फोटो आणा, मग बघू." पण एवढ्याशा बोळात उभं राहून अख्खी भिंत एका फोटोत मावणार कशी?

मग पुतण्या धावून आला. त्याने बोळात खेकड्यासारखं आडवं सरकत, एकाचा काठ दुसऱ्यात येईल असे फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर बेमालूम जोडले. फक्त विटांच्या ओळी मधोमध फुगलेल्या दिसत होत्या.

"फोटो जोडले की असं वाकतंच, काकू. रेष न् रेष सरळ करून देतो."

"अरे, पण ती भिंतच..."

"तुम्ही चहा टाका हो. यातलं मला कळतं."

ऑफिसातल्या साहेबांनी फोटो बराच वेळ पाहिला. "भिंत तर सुतासारखी सरळ आहे की!"

"ती फोटोत हो! एकदा येऊन तरी बघा."

"आता कशाला? फोटो आहे ना."

आठवड्याभरात काकूंची तक्रार निकालात निघाली. पुरावा म्हणून तोच फोटो लावला होता.

 

खाली लिहिलं होतं, 'दुरुस्तीनंतर'.