सांडलेले चार दाणे

वाटलेल्या मक्याच्या पाण्यात बुडवलेल्या कागदी पट्टीवर दुसरी रेघ उमटली. एपिफानियानं चुलीवर टांगलेल्या निळ्या कणसांकडे पाहिलं. पणजीपासून जपलेलं बियाणं. “मावशी, यात जनुक बदललेला मका शिरलाय,” तपासायला आलेली गावसमितीची इग्नासिया म्हणाली. “बाहेरचं काही पेरलंत?” “मला काय वेड लागलंय? दुकानातला मका कोंबड्यांपुरता.” बोलतानाच तिला आठवलं. तीन वर्षांपूर्वी दुकानाच्या पोत्यातून चार दाणे अंगणात सांडले होते. खाली पडलेला मका रडतो अशी गावाची समजूत, म्हणून तिनंच ते उचलून बांधावर पेरले होते. पुढचं वाऱ्यानं केलं; त्यांचे पराग निळ्या मक्यावर नेले. “ही कणसं जाळावी लागतील. यातली कुणाला दिलीत?” “लग्न ठरलं की पोरी बियाणं माझ्याकडूनच नेतात,” ती म्हणाली. “तूसुद्धा नेलंस.” इग्नासियाच्या हातातल्या कणसाचा एक दाणा खाली पडला. दोघी सवयीनं वाकल्या. उचललेल्या दाण्याचं काय करायचं, ते दोघींनाही सुचेना.