सरवा

कापणी झालेल्या ज्वारीच्या रानात वच्छलामावशी वाकून उभी होती. सरवा, म्हणजे रानात मागं पडलेली कणसं, वेचणाऱ्या तीन बायकांचं जगप्रसिद्ध चित्र चित्रकार शाल्मली इथल्या बायकांना घेऊन नव्यानं रंगवत होती. दोघी रंगवून झाल्या होत्या.

“ताई, यात माझं तोंड दिसंल का?”

“मूळ चित्रात कुणाचंच नीट दिसत नाही.”

“मग लेकीनं मला वळखायचं कसं? पाठ तर समद्यांची सारखीच.”

शाल्मलीचा कुंचला थांबला. “मावशी, सरळ उभ्या राहा बरं.”

मावशी कमरेवर हात ठेवून हळूहळू ताठ झाली. रान सोनेरी धुळीत तरंगत होतं. वरून बगळ्यांची रांग चालली होती. ती पोरीसारखी बघतच राहिली.

“वाकू का परत?” बऱ्याच वेळानं तिनं विचारलं.

“नको,” म्हणत शाल्मलीनं तिसरीचं वाकलेलं रेखाटन पुसलं आणि मावशीचं डोकं आभाळात रंगवायला घेतलं.