फोटोची डावी बाजू

ताईंनी पाकिटातून फोटो काढला आणि मामांच्या मांडीवर ठेवला. मामांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, फोटो खिडकीच्या उजेडात धरला, जवळ नेला, लांब धरला, तेव्हा कुठे त्यांचं अंतर जमलं.

"अरे वा," ते म्हणाले. "केस होते की मला!"

मामा म्हणजे वर्तमानपत्राच्या कचेरीतले ड्रायव्हर आणि ताई तिथल्या फोटोग्राफर. बावीस वर्षं एकाच जीपमधून दोघांनी आगी पाहिल्या, संप पाहिले, मोर्चे पाहिले. गर्दीत ताई बॉनेटवर चढायच्या तेव्हा मामा खाली उभे राहून त्यांचे घोटे घट्ट धरायचे. पान छापायला जायच्या आत परतायचं म्हणून मामा अशी काही गाडी हाणायचे, की ताई कॅमेरा पोटाशी धरून डोळे मिटून घ्यायच्या. आता दोघंही निवृत्त. मामांचे गुडघे गेले होते, आणि ताईंच्या हातात जड कॅमेरा ठरत नव्हता.

फोटो पुराचा होता. ताईंना ज्याच्यासाठी सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं, तोच. बुडत्या घराच्या छपरावर एक बाई गुडघे टेकून बसली आहे. कपडे धुवायच्या टबात तिचं तान्हं बाळ आहे आणि तो टब ती पाण्यावर सोडते आहे. पुढे नुसतं पाणी. छापून आला त्या दिवसापासून ताईंना पत्रं येऊ लागली. बाळाचं पुढे काय झालं? तुम्ही फोटो काढत उभ्या कशा राहिलात? ताईंनी एकाही पत्राला उत्तर दिलं नाही.

मामांच्या हातातला फोटो मात्र पूर्ण होता. त्यात डाव्या बाजूला, छातीभर पाण्यात, मामा उभे होते. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठावरच्या जीपला, आणि दोन्ही हात टबाकडे पसरलेले.

"रविवारी प्रदर्शन आहे," ताई म्हणाल्या. "माझ्या सगळ्या कामाचं. त्यात हा लावायचा म्हणतेय. खाली तुमचं नाव."

मामांनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

"डार्करूममधल्या अण्णांनी त्या संध्याकाळी तुम्हाला कापून प्रिंट काढली. ओली प्रिंट माझ्या हातात आली. तुम्ही त्यात नाही हे मला दिसलं, मामा. त्यामुळे फोटो किती भेदक झालाय तेही दिसलं. आणि मी मूग गिळून बसले. मी आत बक्षीस घेत होते तेव्हा तुम्ही बाहेर गाडीत बसून होता. भाषणात तुमचं नाव घेतलं नाही मी. घेतलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. एकतीस वर्षं मन खातंय मला."

"अण्णा बिचारा," मामा म्हणाले. "मरेपर्यंत अवाक्षर काढलं नाही त्यानं."

"कशाबद्दल?"

"मीच सांगितलं होतं त्याला, मला काप म्हणून."

"तुम्ही?" ताई म्हणाल्या.

"ओल्या कपड्यांनीच त्याच्या खोलीत शिरलो होतो. ट्रेमध्ये फोटो उमटत होता. आधी बाई आली, मग टब, मग मी. अण्णा खूश! म्हणाला, लेका, तू तर हिरो झालास. म्हटलं, हिरो गेला खड्ड्यात. लोक पेपर चहाबरोबर बघतात, अण्णा. मी दिसलो की म्हणतील, चला, पोचला कुणीतरी. आणि पान उलटतील."

मामांनी पंजा फोटोच्या डाव्या बाजूवर पालथा ठेवला. उरली ती बाई, तो टब आणि पाणी.

"आता बघा. लागतोय का चहा गोड?"

ताईंनी तो फोटो हजारदा पाहिला होता. तरी त्यांची नजर त्या टबापुढच्या पाण्यावरून हलेना.

"पण ते खोटं होतं, मामा."

"खोटं कसं? त्या दिवशी छपरं किती होती? आणि मी एकटा. बाकीच्या छपरांपुढे कोण उभं होतं?" मामांनी पंजा हलवला नाही. "सकाळी पेपर निघाला आणि दुपारपर्यंत होड्या यायला लागल्या. चाळीस. तुम्हीच मोजल्या होत्या."

"मला कधी बोलला नाहीत ते."

"बोललो असतो तर तुम्ही मला परत आत घेतलं असतं. तुमचा स्वभाव माहीत नाही का मला?"

आपण तसं केलं असतं, असं ताईंना वाटेना.

एवढ्यात आतून मामांची सून हात पुसत आली. घरात येऊन तिला वर्षही झालं नव्हतं, आणि फोटो तिच्या जन्माआधीचा. सासऱ्यांच्या खांद्यावरून ती वाकली आणि तिथेच थबकली.

"अगं बाई!" ती म्हणाली. "या बाळाचं पुढे काय झालं हो?"

मामांनी ताईंकडे पाहिलं. त्यांचा पंजा अजून तिथेच होता.

ताई पुढे सरकल्या. त्यांनी मामांचं मनगट धरलं आणि तो हात हळूच उचलून बाजूला ठेवला.