हदला खालाची शिळा

इराणी तोफांनी मोसुलचा तट फोडला, तेव्हा खिंडारामागे पहिलं घर माझंच होतं. मी गवंडी. बायकोचे दिवस भरले होते, तिला कुठे हलवायची सोय नव्हती. खिंडार बुजवायला लोक घरातली जाती, उखळं, दारं आणत होते. तेवढ्यात शेजारची विधवा हदला खाला, साऱ्या गल्लीची मावशी, गाढवावर संगमरवरी शिळा लादून आली. स्वतःच्या कबरीसाठी तिने ती नावासकट कोरून घेतली होती. "खाला, ही नको," मी म्हणालो. "गप्प बस, बेहनाम! शहरच उरलं नाही तर मला पुरणार कोण? लाव!" मी शिळा बसवली. त्या जागेवर दोनदा हल्ला झाला आणि दोनदा मागे फिरला. वेढ्याच्या चाळिसाव्या दिवशी सकाळी पाहतो तर नदीकाठचे इराण्यांचे तंबू उठलेले, मैदान मोकळं. त्याच पहाटे माझ्या घरी मुलगी झाली होती. खाला आमच्यासाठी गरम भाकऱ्या घेऊन आली. मी पहार उचलली. "थांबा, आधी तुमची शिळा काढून देतो." तिने भिंतीकडे निरखून पाहिलं आणि तिला हसूच आवरेना. "मेल्या, माझं नाव उलटं लावलंस की!" "घाईत कळलं नाही, खाला." "राहू दे. तिथेच शोभतेय. तू जा, लेकीला घेऊन ये, तिचं तोंड तरी पाहू दे." मी तिचे पिठाळलेले हात डोळ्यांना लावले. दुपारी त्या भिंतीला चुन्याचा गिलावा केला, पण तेवढं उलटं नाव मात्र उघडं ठेवलं.